कौलांखालचा वायरलेस फ्लॅश

फ्लॅशचा उजेड पांढऱ्या छतावर मारून मऊ प्रकाश मिळवावा, हा छायाचित्रणातला सर्वमान्य सल्ला कोकणातल्या जुन्या घरात पाऊल ठेवताच निकामी होतो. तिथे पांढरे छत नसतेच. असतात ते धुराने काळवंडलेले वासे, रिपा आणि कौले, आणि ती सारा उजेड गिळून टाकतात. भिंत गिलावा न केलेल्या जांभ्याची असेल, तर तिच्यावरून परतणारा प्रकाश चेहऱ्यांना तांबूस करून सोडतो. अशा घरात फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून दूर ठेवण्याला, माझ्या मते, पर्याय नाही.

सिंधुदुर्गातली गणपतीची माटवीच घ्या. मूर्तीच्या वर लाकडी चौकटीला नारळ, सुपारीचे घोस, कवंडळे आणि आंब्याचे टाळ टांगलेले असतात. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशने हे सारे सपाट दिसते आणि फळाफळाची काळी सावली मागच्या भिंतीवर उमटते. तोच फ्लॅश बाजूच्या दारात स्टँडवर, डोक्याहून उंच लावून पांढऱ्या छत्रीतून सोडला, की नारळाचा गोलावा आणि सुपारीच्या सालीवरची चमक वेगवेगळी उठून दिसते. समईचा उजेडही टिकवायचा असेल, तर शटरचा वेग 1/30 सेकंदापर्यंत खाली आणावा. पूर्ण शक्तीच्या 1/16 वर लावलेला फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ चमकत असल्याने शटर संथ केल्याने त्याचा वाटा वाढत नाही, वाढतो तो समईचा. फ्लॅशवर नारिंगी जिलेटिन, म्हणजे रंगीत पारदर्शक पापुद्रा, लावायला मात्र विसरू नये. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका तो पिवळसर; फ्लॅशचा 5500 केल्विनचा पांढरा प्रकाश जिलेटिनमुळे सुमारे 3200 केल्विनवर येतो आणि समईशेजारी परका वाटत नाही.

जुन्या पद्धतीच्या वायरलेस फ्लॅशना प्रकाशाच्या स्पंदनांनीच आज्ञा मिळत असे. त्यामुळे फ्लॅश दाराआड गेला, की तो पेटेल याचा भरवसा नसे. 2012 मध्ये कॅननने 600ईएक्स-आरटी या फ्लॅशमध्येच रेडिओ यंत्रणा बसवली, आणि आता तर स्वस्त ट्रिगरही, म्हणजे दूरचा फ्लॅश पेटवणारी छोटी यंत्रेही, 2.4 गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालतात. माजघरातून पडवीतला फ्लॅश पेटवणे त्यामुळे सोपे झाले आहे.

टीटीएलच्या, म्हणजे लेन्समधून येणारा प्रकाश मोजून फ्लॅशची शक्ती आपोआप ठरवणाऱ्या सोयीच्या, नादी मी फारसा लागत नाही. फ्लॅश आणि मूर्ती दोन्ही जागच्या जागी असताना छायाचित्रकार कितीही मागेपुढे झाला तरी मूर्तीवर पडणारा प्रकाश बदलत नाही, मग दर वेळी यंत्राला नवा हिशेब कशाला करू द्यायचा? उलट स्टँड सरकवताना सावध राहावे: अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाईवर येतो.

भाद्रपदातली खारट, ओलसर हवा ट्रिगरच्या धातूच्या टोकांवर लवकर गंज चढवते. काम संपल्यावर ती कोरड्या कापडाने पुसावीत आणि सेल काढूनच सगळे सामान सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावे.