रताळ्याचे बिनधान्याचे वॉफल आणि ते चिकटलेले चार दिवस

आमच्याकडे सासूबाईंचं पूर्ण नऊ दिवसांचं नवरात्र असतं, धान्य अजिबात नाही. माझं उठता-बसता. मुलगा नऊ वर्षांचा, त्याला उपवास नाही पण मॉलमध्ये एकदा खाल्ल्यापासून सकाळी वॉफल पाहिजे असतं. म्हणजे नवरात्रात सव्वासातला ओट्यावर दोन वेगळे नाश्ते, डबा वेगळा, आणि आईंना रोज साबुदाण्याची खिचडी खाऊन तिसऱ्या दिवशी ॲसिडिटी. त्यांची साखरही काठावर आहे, त्यामुळे रोज साबुदाणा मला नकोच होता. म्हणून गेल्या वर्षी ठरवलं की आईंना चालेल आणि पोरगं पण आवडीने खाईल असा एकच नाश्ता करायचा, रताळ्याचे वॉफल, धान्य नाही आणि अंडंही नाही.

हे अंडं नाही म्हणजेच सगळं दुखणं होतं हे मला चौथ्या दिवशी कळलं.

नेटवर रताळ्याच्या वॉफलच्या रेसिपी ढीगभर आहेत. सगळ्यांत दोन ते तीन अंडी, बदामाचं पीठ, आणि वर ठळक अक्षरांत पाच मिनिटांत तयार. अंडं काढून टाकलं तर काय होतं हे मला तरी कुठे लिहिलेलं सापडलं नाही. कुणी म्हणतं अंड्याऐवजी केळं घाला, कुणी म्हणतं जवसाची पूड भिजवून घाला, पण स्वतः करून बघितलंय असं त्यात कुठे जाणवत नाही. मला अजूनही त्याचा राग येतो, कारण नवरात्रातल्या चार सकाळी त्यात गेल्या.

सामान जमवायला फार त्रास नाही झाला. शिंगाड्याचं पीठ, राजगिऱ्याचं पीठ, साबुदाणा मिक्सरला बारीक दळून, आणि बदामाच्या पिठाच्या जागी आपलं दाण्याचं कूट, जे घरात कायम असतंच. इथे एक गोष्ट सांगते, उपवासाचं आणि बिनधान्याचं हे अगदी एकच नाही. वरई उपवासाला चालते पण ती गवताच्या कुळातली, म्हणजे धान्यच झालं. राजगिरा तसा नाही, तो माठाच्या जातीतला. शिंगाडा पाण्यातल्या वेलाचं फळ आणि साबुदाणा कंदाचा. त्यामुळे ज्यांना खरंच धान्य टाळायचंय त्यांनी वरई घालू नका. आणि बेकिंग पावडरचं पाकीट उलटं करून वाचा, त्यात बहुतेक वेळा मक्याचा स्टार्च असतो. मी पहिल्या दिवशी बिनदिक्कत घातली होती, नंतर वाचलं तेव्हा इतकं वाईट वाटलं, कारण आईंनी माझ्या भरवशावर खाल्लं होतं. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "अजाणता झालं, देवीला कळतं." तेव्हापासून नुसता खायचा सोडा आणि दही.

तर पहिला दिवस, घटस्थापना. रताळी कुकरला पाणी घालून तीन शिट्ट्या काढल्या, गरम गरमच कुस्करली, पिठं घातली, मशीनला तेलाचा स्प्रे मारला, पीठ ओतलं. पाच मिनिटांनी हिरवा दिवा लागला, झाकण उचललं, आणि वॉफलचे मधून दोन तुकडे, अर्धं वरच्या प्लेटला, अर्धं खालच्या. आतून ओलं पिठलं. लाकडी चमच्याने खरवडून काढलं, ते आईंनी तसंच वाटीत घेऊन दह्याबरोबर खाल्लं आणि चव छान आहे म्हणाल्या. चव खरंच छान होती, पण मला वॉफल करायचे होते.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं पीठ पातळ झालं म्हणून चिकटलं, राजगिरा वाढवला. बाहेरून करपल्यासारखं, आतून गिच्च, आणि चिकटलं ते चिकटलंच. तिसऱ्या दिवशी स्प्रे दुप्पट मारला. त्या दिवशी तर झाकण उघडेचना, हाताने धरून ओढलं तेव्हा चर्र आवाज आला आणि मला वाटलं कोटिंग गेलं. पोराची बस चुकली, नवऱ्याला सोडायला जावं लागलं, आईंनी गुपचूप एक केळं खाऊन घेतलं. मी ऑफिसला उशिरा पोचले आणि दिवसभर डोक्यात तेच.

चौथ्या दिवशी नाश्त्याला काहीच केलं नाही, कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला. पंचवीस मिनिटं होल्डवर. मग एकाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मॅडम, कोटिंग वॉरंटीत येत नाही, तुम्ही रेडी प्रीमिक्स वापरा. मी म्हटलं, प्रीमिक्समध्ये मैदा असतो, मला धान्य नकोय म्हणून तर हे चाललंय. तो म्हणाला, मग मॅडम आमच्याकडे त्याची माहिती नाही. एवढं ऐकायला पंचवीस मिनिटं. मशीनबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत अंड्याशिवाय, मैद्याशिवाय काय करायचं याची चार ओळी छापायला काय जातं? आपल्या देशात इतकी घरं अंडं न खाणारी आहेत आणि तरी एकही रेसिपी त्यांच्यासाठी नाही, याचं मला खरंच आश्चर्य वाटतं.

संध्याकाळी मशीन घेऊन बसले साफ करायला. प्लग काढून, प्लेटा कोमट असताना, सोडा आणि पाण्याची पेस्ट लावून मऊ कापडाने, आणि खाचांमध्ये जुना मऊ टूथब्रश. स्टीलचा काथ्या चुकूनसुद्धा नको. घासताना लक्षात आलं की कोटिंग गेलेलं नाहीये, त्याच्यावर पिवळट चिकट थर बसलाय, वाळलेल्या डिंकासारखा. तो स्प्रेचा थर होता. त्या स्प्रेमध्ये तेलाबरोबर लेसिथिन नावाचा पदार्थ असतो, तो गरम प्लेटवर भाजला जाऊन बसतो आणि पुसून निघत नाही, म्हणजे न चिकटण्यासाठी जे मी मारत होते त्यानेच जास्त चिकटत होतं. नॉनस्टिक भांड्याला कुठलाही स्प्रे मारू नका, हे मी आता येईल त्याला सांगते.

आई तिथेच डायनिंगला बसून वाती वळत होत्या. त्या मूळच्या देवगडकडच्या, बिडाच्या तव्यावर घावनं करत त्यांचं आयुष्य गेलंय. मला म्हणाल्या, "अगं, घावन आपणहून कड सोडतं तेव्हाच उलथनं घालायचं. तू रोज दिवा लागला की झाकण उघडतेस. त्या दिव्याला काय माहीत आत काय झालंय?"

मी हात थांबवून त्यांच्याकडे बघत बसले. खरंच, दिवा फक्त प्लेट तापली की नाही ते सांगतो, पिठाचं काय झालं ते नाही. अंडं असलं की ते लवकर आळतं आणि सगळं धरून ठेवतं, म्हणून पाच मिनिटं पुरतात. आपल्याकडे धरून ठेवणारं काय, तर शिंगाडा आणि साबुदाण्याचा स्टार्च. तो आधी शिजायला पाहिजे, मग वरचं पाणी उडून कवच धरायला पाहिजे. तोपर्यंत ते पीठ दोन्ही प्लेटांना चिकटलेलंच असणार, त्यात झाकण ओढलं की मधून फाटणार.

मग त्यांनी विचारलं, रताळी कशी उकडलीस? कुकरमध्ये पाण्यात म्हटल्यावर नुसती मान हलवली. आपलं बाजारात मिळणारं लाल सालाचं पांढरं रताळं मुळात कोरडं, पिठूळ असतं. परदेशी रेसिपीतलं केशरी रताळं जास्त ओलसर, त्यामुळे त्यांची मापं आपल्याला तशीही लागू होत नाहीत. आणि मी आपल्या चांगल्या कोरड्या रताळ्याला पाण्यात बुडवून ओलं करत होते. त्याच रात्री मोदकपात्रात वाफेवर उकडली, अख्खी, सालासकट, वीसेक मिनिटं. सोलून, किसून, ताटात पसरून गार केली आणि झाकून फ्रीजमध्ये ठेवली. सकाळी हात लावला तर कीस एकदम मोकळा आणि घट्ट, आधीच्या लगद्याशी काही संबंध नाही. रताळ्यातला स्टार्च गार झाला की आवळून येतो, आदल्या दिवशीच्या बटाट्याचे वडे चांगले वळले जातात तसंच.

पाचवा दिवस, ललिता पंचमी. मशीन पूर्ण तापवलं, ब्रशने पातळ तूप लावलं. तूपच, लोणी नाही, लोण्यातला दुधाचा अंश जळतो आणि तिथेच चिकटतो. पीठ घातल्यावर चर्र आवाज आला पाहिजे. झाकण लावलं आणि दिव्याकडे बघितलंच नाही, वाफेकडे बघत बसले. कडेने भसाभस वाफ येत होती, सहा मिनिटांनी कमी झाली, आठव्या मिनिटाला जवळपास थांबली. मुलगा पाठीमागे उभा, "आई उघड ना, आई उघड ना," आणि आई देवघरातून ओरडतायत, "अजून थांब!" साडेआठ मिनिटांनी हँडल नुसतं हलकं उचलून बघितलं. झाकण अडलं नाही. वॉफल खालच्या प्लेटवर अख्खं, तांबूस, सगळ्या खाचा उमटलेल्या, आणि काट्याने कड उचलली तर सरकलंच. मला रडू यायचं बाकी होतं. आईंनी पहिलं देवीपुढे ठेवलं.

आता माप सांगते, ते आधी सांगायला हवं होतं. उकडून किसलेलं रताळं 250 ग्रॅम, राजगिऱ्याचं पीठ अर्धी वाटी, शिंगाड्याचं पाव वाटी, साबुदाण्याचं पीठ दोन मोठे चमचे, दाण्याचं बारीक कूट पाव वाटी, घट्ट दही अर्धी वाटी, पातळ तूप दोन मोठे चमचे, सैंधव, जिरं, आलं-मिरचीचा ठेचा. सोडा पाव छोटा चमचा, तो अगदी शेवटी, मशीन तापल्यावरच घाला, वर अर्धं लिंबू पिळा आणि लगेच वापरा. लागलं तर एक-दोन चमचे दूध. पीठ ओतण्यासारखं नाही, चमच्याने घालून पसरण्यासारखं पाहिजे, थालीपीठापेक्षा सैल आणि इडलीच्या पिठापेक्षा घट्ट. माझ्या मशीनमध्ये चार होतात. साबुदाणा भरड राहिला तर दाताखाली येतो, चाळून घ्या. पिठातलं तूप कमी करू नका, डाएटच्या नादात मी एकदा एकच चमचा घातला आणि परत चिकटलं.

मशीन नवीन घेणार असाल तर उथळ खाचांचं घ्या. खोल चौकोनवालं दिसतं छान पण बिनअंड्याचं त्यातून काढणं फार जिकिरीचं आहे, माझ्या बहिणीकडे ते आहे आणि तिचे अजून तुटतात.

शिंगाड्याचं पीठ विकत घेताना वास घेऊन बघा, जुनं असलं की कडवट लागतं. रताळ्याला आषाढी, महाशिवरात्र आणि नवरात्रात मागणी असते, तेव्हा घाईत कसलीही गळ्यात मारतात, म्हणून मी चार दिवस आधीच आणून टोपलीत मोकळी ठेवते, फ्रीजमध्ये नाही. आमच्या भाजीवाल्या मावशी करमाळ्याची गावरान रताळी वेगळी काढून देतात, लहान असतात पण गोडीला जास्त. केशरी कुठे मिळाली तर तीही घ्या, त्यात बीटा कॅरोटीन (ज्याचं शरीरात अ जीवनसत्त्व होतं) भरपूर असतं, जे पांढऱ्यात जवळपास नसतं. तिरुअनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेने भू सोना नावाची केशरी जात काढली आहे. फक्त केशरी वापरली तर दही कमी करा.

हेल्दी म्हणून कितीही खाल्लं तर चालतं असं मात्र नाही. 100 ग्रॅम रताळ्यात साधारण 20 ग्रॅम कर्बोदकं असतातच, वर आपण पिठं घालतो. पण त्यात 3 ग्रॅमच्या आसपास फायबर, कुटामुळे आणि दह्यामुळे थोडं प्रोटीन, त्यामुळे एक वॉफल खाऊन आईंना दुपारी एकपर्यंत भूक लागत नाही, आणि खिचडीसारखं जळजळत नाही, हे त्यांनीच सांगितलं. साखर काठावर असलेल्यांनी रताळं भाजून घेण्यापेक्षा उकडूनच घ्यावं, भाजलेल्याने साखर जास्त झपाट्याने वाढते. आई दाण्याच्या ओल्या चटणीबरोबर खातात. मुलासाठी त्याच पिठाचा थोडा भाग ठेचा न घालता बाजूला काढते, वेलदोडा घालते आणि वर चमचाभर काकवी.

सकाळी वेळ नसेल तर रात्रीच करून ठेवा आणि सकाळी टोस्टरमध्ये गरम करा, कुरकुरीत होतात. मायक्रोवेव्हमध्ये नको, लिबलिबीत होतात. आणि डब्यात द्यायचे असतील तर गरम असताना झाकण लावू नका, आधी जाळीवर उभे करून दहा मिनिटं गार होऊ द्या, नाहीतर सगळी मेहनत वाफेने मऊ पडते. मी या नवरात्रात आईंसाठी चहाबरोबर अर्धं बाजूला ठेवत होते, तेही जाळीवरच.