काट्याला विचारा

पेन बनवायला लेथवर (तुकडा फिरवत तासायच्या यंत्रावर) शिंग चढवलं की पहिल्या मिनिटालाच आजीची सहाण आठवते. कुणाची पाठ धरली की ती सांबरशिंग उगाळून लेप लावायची. इथे त्या आठवणीत दातांच्या डॉक्टरच्या ड्रिलचा वास मिसळतो, एवढंच. ही धूळ मात्र फुप्फुसांना वाईट. साधा कापडी मास्क पुरत नाही, मी फिल्टरवाला लावते.

इथे म्हणजे कोलोरॅडोत, फोर्ट कॉलिन्सला. शिंगं एल्क नावाच्या मोठ्या हरणाची. नराची शिंगं दर वसंतात गळतात आणि नवी फुटतात. गाईम्हशींच्या शिंगासारखी ती पोकळ नसतात. हे हाडच असतं, बाहेरून टणक, आत जाळीदार. आय-25 हमरस्त्याच्या पश्चिमेच्या सार्वजनिक जमिनींवर 1 जानेवारी ते 30 एप्रिल ती गोळा करायला बंदी आहे. हिवाळ्याने खंगलेल्या जनावरांना माणसांनी पळवू नये म्हणून. त्यामुळे आमची शोधाशोध मे महिन्यात.

पहिल्या वर्षी मला दम नव्हता. शनिवारी सापडलेलं शिंग रविवारी कापलं, भोक पाडलं, पेन तयार! नवऱ्याने ते कौतुकाने ऑफिसात नेलं. नोव्हेंबरात घरात हीटर सुरू झाला, आत उरलेली ओल उडाली आणि शिंग आक्रसलं. टोकाची धातूची कडी बोटाला लागू लागली, मग नखाने ओढावी तशी एक उभी चीर गेली. पुढच्या तुकड्याला घाई म्हणून ओव्हन दाखवला. तो तर आतच तडकला.

आता ताज्या शिंगाचे पेनाच्या आतल्या पितळी नळीपेक्षा दोन्हीकडे बोटभर जास्त लांब तुकडे करते, कारण चिरा बहुतेक टोकांनाच पडतात आणि ती पुढे कापून टाकता येतात. तुकड्यावर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहायचं, वर्तमानपत्रात गुंडाळून सावलीत ठेवायचं, दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर घालायचं. (वेलदोड्यांसाठी घेतलेला काटा आहे तो. सासूबाईंना सांगू नका.) मागचा तुकडा 44 ग्रॅमवरून 39 वर आला आणि तिथेच थांबला. तीन रविवार आकडा हलला नाही, मगच ड्रिल.

भोक 7 मिलिमीटरचं. शिंग वाकडं असतं, म्हणून ते मधोमध पाडण्यापेक्षा सगळीकडे टणक थर उरेल असं पाडायचं. जाळीदार भागात पातळ सुपरग्लू जिरवायचा, पितळी नळी इपॉक्सी या घट्ट गोंदाने बसवायची. नळीला आधी पांढरा रंग द्या, नाहीतर शिंग पातळ झालं की आतलं पितळ पिवळं झळकतं.

बाबा पुण्याहून विचारतात, "माझं पेन कधी?" भारतात वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मुळे हरणांच्या शिंगांचा व्यापार बंद आहे. बॅगेत घालून नेण्याची माझी हिंमत नाही. त्यांच्यासाठी अक्रोडाचं लाकूड आणलंय. ते अजून ओलं आहे, काल 61 ग्रॅम भरलं.