प्रेडनिसोलोन: पंधरापासून शून्यापर्यंत

साठी ओलांडली आणि दोन्ही खांदे एकदमच संपावर गेले. सकाळी केस विंचरायला हात वर जाईना, खुर्चीतून उठायला कुणाचा तरी आधार लागे. दुपारपर्यंत जरा मोकळं वाटायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रक्तात ईएसआर आणि सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारे आकडे, दोन्ही वाढलेले निघाले. संधिवाताच्या डॉक्टरांनी निदान केलं, पॉलीमायल्जिया रुमॅटिका. हा पन्नाशीनंतर गाठणारा दाहाचा आजार, आणि त्यावरचं मुख्य औषध स्टेरॉइडच. रोज १५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन.

नातेवाइकांनी लगेच हाय खाल्ली. ‘एकदा धरलं की सुटत नाही’ इथपासून ‘हाडं पोखरतात’ इथपर्यंत सगळं ऐकून झालं. यातलं काहीच अगदी खोटं नाही, म्हणूनच डॉक्टरांनी गोळी लिहून देण्याआधी बराच वेळ घेतला. साखर, रक्तदाब, हाडांच्या घनतेचा डेक्सा स्कॅन, डोळ्यांची तपासणी (काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्हींचा धोका वाढतो). पूर्वी टीबी झाला होता का, कांजिण्या येऊन गेल्यात का, हेही विचारलं. अ‍ॅलर्जीसाठी मी नाकात स्टेरॉइडचा स्प्रे मारते, तो मी औषधांत धरतच नव्हते. त्यांनी तोही कागदावर मांडला. इनहेलर, त्वचेचं मलम, सांध्यात घेतलेलं इंजेक्शन, सगळं सांगायचं. गुडघ्यासाठी मनाने घेतली जाणारी वेदनाशामक गोळी मात्र बंद, कारण स्टेरॉइडसोबत ती पोटात अल्सर करू शकते.

गोळीने काही दिवसांतच जादू केली. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉक्टर फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका बाईला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं आणि ती काही दिवसांत चालू लागली, असं वाचलं होतं. १९५० मध्ये हेंच, केंडल आणि राइकश्टाइन यांना नोबेलही मिळालं. मोठ्या डोसचे दुष्परिणाम त्यानंतर लवकरच दिसू लागले. इतकं बरं वाटतं, हीच या औषधाची खरी गोम. आता कशाला हवी गोळी, असं मनात येतं आणि तिथेच घात होतो.

सगळा डोस सकाळी, खाऊन झाल्यावर, एकदमच. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, पहाटेच चढतं, त्याच्याशी जुळवून घ्यायचं. तरी सुरुवातीला पहाटे तीनला डोळे टक्क उघडे असायचे, आणि भूक म्हणाल तर जेवून उठले की पुन्हा लागायची. गाल भरले, स्वभाव चिडका झाला. घरच्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून निभावलं. सोबत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू झालं.

खरी कसोटी डोस कमी करताना लागली. १५ वरून साडेबारा, मग १०. इथपर्यंत उतार सोपा होता. त्यापुढे दर महिन्याला, कधी त्याहूनही सावकाश, एकेक मिलिग्रॅम. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी आपलं काम सोडून देतात. शरीर रोज स्वतः जेवढं कॉर्टिसॉल बनवतं ते साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या आसपास भरतं. म्हणजे पाचच्या खाली आलात की त्या ग्रंथींना जागं व्हावंच लागतं, आणि त्या आळोखेपिळोखे देत उठतात. तीन-चार आठवड्यांहून जास्त घेतलेली गोळी एका झटक्यात बंद केली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं.

वेगवेगळ्या ताकदीच्या गोळ्या दिसायला सारख्याच. पाचच्या पाकिटावर मी जाड मार्करने मोठा ‘५’ काढला आणि कॅलेंडरवर महिन्याचा डोस पेन्सिलीने लिहिला. पेन्सिलीनेच, कारण तो दोनदा वर सरकवावा लागला. चारवर असताना खांदे पुन्हा धरले आणि भयंकर थकवा आला. आजार उलटलाय, की डोस कमी केल्याने शरीर नुसतं कुरकुरतंय, हे आपल्याला कळत नाही. डॉक्टरांनी सीआरपी पाहिला, सकाळचं कॉर्टिसॉल तपासलं, आणि मगच ठरवलं.

काही गोष्टी त्यांनी लिहूनच दिल्या होत्या. ताप आला तर डोस किती वाढवायचा ते. उलट्या होऊन गोळी पोटात टिकली नाही तर वाट न पाहता रुग्णालय. नवीन डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं किंवा दिसण्यात फरक पडला तर त्याच दिवशी यायचं. या आजारासोबत डोक्याच्या रक्तवाहिन्यांनाही सूज येऊ शकते आणि नजर जाऊ शकते. कांजिण्या किंवा गोवराच्या रुग्णाजवळ गेलात तर फोन करा. जिवंत विषाणूंची लस विचारल्याशिवाय नको, फ्लूचं इंजेक्शन मात्र घ्या.

आता गोळी बंद आहे. स्टेरॉइड घेतल्याची नोंद असलेलं कार्ड मात्र अजून पर्समध्ये ठेवायला सांगितलंय. ग्रंथी पूर्ववत व्हायला वर्षभरही लागू शकतं, आणि मध्येच ऑपरेशनची वेळ आली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आधी दाखवायचं आहे.