हॉलची फरशी आणि हेइआन शोदान

शाळेच्या अंकासाठी लिहायचं म्हटल्यावर पहिलं आठवलं ते सकाळचं कराटे. आम्हाला सगळ्यांना फक्त कुमिते पाहिजे असायची, समोरासमोर फाइट, बस. पण सर आधी हॉल पुसायला लावायचे, ओलं फडकं दोन्ही हातांनी दाबून, कंबर खाली ठेवून एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पळत जायचं आणि परत यायचं, मग सेइझात म्हणजे गुडघे दुमडून टाचांवर बसून मोकुसो म्हणजे डोळे मिटून शांत राहणं, रेई म्हणजे वाकून नमस्कार, मग किहोन म्हणजे तेच ब्लॉक तेच पंच, मग काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या मूव्हज, आणि कुमिते वेळ उरला तर शेवटची दहा मिनिटं. मला खरंच वाटायचं की वेळ फुकट चाललाय.

एकदा हेइआन शोदान, म्हणजे पाच हेइआन कातांमधला पहिला काता, करताना सरांनी मला चौथ्या मूव्हला थांबवलं. तिथे पुढचा पाय मागे घेत उजवा हात गोल फिरवून मुठीची करंगळीकडची बाजू वरून खाली मारायची असते, मी ती नुसतीच हवेत मारायचो. सरांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाले, आता कर. दंडाने कितीही ओढलं तरी हात सुटेना. मग म्हणाले, "हात विसर, आधी पाय मागे घे, कंबर फिरव." आणि त्यांचा अंगठा आणि बोटं जिथे मिळत होती त्या फटीतून मनगट अलगद बाहेर आलं! ती खाली ठेवलेली कंबर कुठून आली होती, तर फरशी पुसण्यातून.

नंतर वाचलं की हे काता मुळात शाळेच्या मुलांसाठीच बसवलेत. जपानच्या ओकिनावा बेटावर इतोसू आंको या कराटे गुरूंनी १९०० नंतरच्या काळात कराटे शाळेत आणलं आणि पिनान नावाचे पाच काता तयार केले, त्यांचे शिष्य फुनाकोशी यांनी पुढे त्यांनाच हेइआन म्हटलं. पाचही काता ब्लॉकने सुरू होतात, पंचने एकही नाही. फुनाकोशी स्वतः शिक्षक होते, १९२२ मध्ये त्यांनी टोकियोत कराटे दाखवलं, पण त्याआधी तरुणपणी नाइहांचीचे तीन काता घोटण्यात त्यांची दहा वर्षं गेली होती. दहा वर्षं, तीन काता. आम्ही तीन महिन्यांत पुढचा बेल्ट मागायचो.

टोकियो ऑलिंपिकमध्ये काता आणि कुमितेची मेडल्स वेगळी होती, स्पर्धेत ते ठीकच आहे, पण वर्गात दोन्ही तोडून शिकवू नये असं मला मनापासून वाटतं. एकदा माझा पंच कंट्रोल न होता मित्राच्या ओठावर लागला, रक्त आलं. सरांनी ओरडा दिला नाही, दोघांना समोरासमोर उभं करून रेई करायला लावली, मला मान वर करून त्याच्याकडे बघवेना. त्या दिवसापासून त्याच्या ड्रेसला हात टेकायच्या आधी पंच थांबवायची प्रॅक्टिस मी महिनाभर केली, आणि रेई उरकायची गोष्ट राहिली नाही.

आता हॉल पुसायला वेगळा माणूस आहे असं ऐकलं. कराटेचा वर्ग चालू असेल तर ते काम मुलांना परत द्या, एवढी विनंती.