न्यू ऑर्लिन्स: गम्बोच्या वाडग्यातलं शहर

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच क्वार्टर या जुन्या वस्तीत मान वर करून चालावं. लोखंडी नक्षीचे सज्जे, त्यांतून लोंबणारी हिरवीगार नेची, एखादं दार उघडं असेल तर आतल्या अंगणातलं कारंजं. फ्रेंचांनी १७१८ मध्ये हे शहर वसवलं. मात्र १७८८ आणि १७९४ च्या आगींत त्यांची बहुतेक घरं जळाली, आणि नावाने फ्रेंच असलेली ही वस्ती बरीचशी स्पॅनिश अमदानीत व त्यानंतर उभी राहिली. १८०३ मध्ये हा मुलूख अमेरिकेने विकत घेतला. यादवी युद्धापूर्वी देशातला सर्वांत मोठा गुलामांचा बाजार इथेच भरत असे. त्या राबणाऱ्या माणसांची छाप मला इमारतींपेक्षा जेवणात जास्त ठळक जाणवली.

गम्बो हा इथला दाट रस्साच घ्या. पीठ तेलात मंद आचेवर, हात न थांबवता परतायचं. आपण लाडवाचं बेसन भाजतो तसंच, पण त्याच्याही पुढे, पार गडद तपकिरी होईपर्यंत. हा ‘रू’ फ्रेंचांकडून आला. त्यात कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची पडते. रस्सा दाट करायला कोणी ससाफ्रास नावाच्या झाडाच्या वाळलेल्या पानांची पूड घालतं. ती इथल्या मूळच्या चॉक्टॉ लोकांची देणगी. कोणी भेंडी घालतं, आणि भेंडी आली आफ्रिकेतून, गुलामांच्या जहाजांच्या वाटेने. आपण चिंच किंवा आमसूल घालून भेंडीचा बुळबुळीतपणा मोडतो. इथे नेमका तोच हवा असतो. माझ्या वाडग्यात कोळंबी, खेकडा आणि धुरावलेलं आंदुई सॉसेज होतं, मध्ये भाताची मूद. आधी रूचा खमंग, किंचित कडवट स्वाद, मग समुद्राची चव, आणि तिखट सगळ्यात शेवटी, घशाशी.

जवळच लुई आर्मस्ट्राँग पार्कमध्ये काँगो स्क्वेअर आहे. रविवारी गुलाम इथे जमत, ढोल वाजवत, नाचत, खाण्याचे पदार्थ विकत. जॅझची मुळं इथवर पोचतात. क्वार्टरमधल्या गर्दीच्या मानाने इथे फारच थोडे प्रवासी दिसले, याचं वाईट वाटलं. तुम्ही गेलात तर ही जागा चुकवू नका.

सोमवारी राजमा-भात मिळतो. सोमवार हा कपडे धुण्याचा दिवस. राजमा चुलीवर चढवला की त्याच्याकडे फारसं बघावं लागत नसे. शाकाहारी मंडळींनी मात्र विचारूनच मागवावा, त्यात बहुधा डुकराचं मांस असतं. १८६२ पासून चालू असलेल्या कॅफे दु माँदमध्ये पिठीसाखरेत बुडालेले बेन्ये (तळलेल्या पिठाचे गोड वडे) आणि चिकरीची कॉफी बिनधास्त घ्या.

जेवायला ट्रेमे भागातल्या ‘डूकी चेस’मध्ये जाच. काळ्या-गोऱ्यांनी एका टेबलाशी बसणं बेकायदा होतं, त्या काळात नागरी हक्क चळवळीतले दोन्ही वर्णांचे कार्यकर्ते इथल्या माडीवर बैठका घेत. त्यांना जेवू घालणाऱ्या लिया चेस यांनी भिंतींवर कृष्णवर्णीय चित्रकारांची चित्रं लावली. २००५ च्या कतरिना वादळात बांध फुटून शहराचा सुमारे ८० टक्के भाग बुडाला. नदीकाठच्या उंचवट्यावरचं फ्रेंच क्वार्टर बरंचसं वाचलं, डूकी चेसमध्ये मात्र पाणी शिरलं. लियाबाई तेव्हा ८२ वर्षांच्या होत्या. २००७ मध्ये त्यांनी दारं पुन्हा उघडली, आणि २०१९ मध्ये त्या गेल्यानंतरही त्यांच्या घरचीच माणसं ते स्वयंपाकघर चालवताहेत.