तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रकवाले झोपतात कधी?

हा प्रश्न मला इतक्या लोकांनी विचारलाय की एकदा नीट लिहूनच काढतो. मुलाच्या शाळेत पालकसभेला विचारतात, लग्नात पंगतीला शेजारी बसलेला विचारतो, गल्लीत नवीन राहायला आलेलं कुटुंब विचारतं. "तुम्ही रात्रभर गाडी चालवता, मग झोपता कधी?" विचारणाऱ्याच्या मनात काळजी असते आणि थोडी भीतीही असते. त्याची मोटार कधीतरी रात्री दोन वाजता पनवेलच्या पुढे एखाद्या ट्रेलरच्या बाजूने गेलेली असते आणि त्याला वाटलेलं असतं, हा ड्रायव्हर जागा आहे ना? भीती रास्त आहे. मलाही वाटते, कारण माझ्या पुढेमागेही ट्रेलरच असतात.

सरळ उत्तर द्यायचं तर मिळेल तिथे आणि मिळेल तेव्हा झोपतो. पण एवढ्यावर सोडलं तर तुमचा गैरसमज तसाच राहील. लोकांना वाटतं आमची झोप गाडी चालवण्यात जाते. चालवण्यात जाते ती थोडी. बाकीची सगळी थांबण्यात जाते, आणि त्या थांबण्याचा हिशोब कोणी ठेवत नाही.

रात्रीच का चालवता, तेही लोक विचारतात, म्हणून आधी ते सांगतो. मुंबईत सकाळ-संध्याकाळ गर्दीच्या वेळेला जड गाड्यांना नो एन्ट्री असते, दक्षिण मुंबईत तर जवळजवळ दिवसभर. पुण्याहून, नाशिकहून आलेल्या गाड्या शहराच्या तोंडाशी उभ्या राहतात आणि नो एन्ट्री सुटली की सगळ्या एकदम आत निघतात. मी पहिली काही वर्षं भाजीची गाडी चालवली. नारायणगावहून टोमॅटो भरला की पहाटेच्या आत वाशीच्या मार्केटात गाडी लागलीच पाहिजे, कारण उजाडायच्या आधी व्यापार सुरू होतो आणि मागाहून आलेल्या मालाचा भाव पडतो. तुमच्या बिल्डिंगखाली सकाळी सातला मेथीची ताजी जुडी मिळते, ती कोणीतरी रात्री घाट उतरून आणलेली असते. रात्री चालवण्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. रस्ता मोकळा असतो, टायर कमी तापतात. मात्र रात्रभर चालवायचं तर दिवसा पाठ टेकायला मिळाली पाहिजे. लाइनमधल्या जुन्या लोकांनी आम्हाला पहिल्यांदा हेच शिकवलं होतं.

आता तो दिवस कुठे जातो ते बघा.

सध्या मी कंटेनरचा ट्रेलर चालवतो, चाळीस फुटी. भिवंडी, तळोजा, कधी चाकण अशा ठिकाणी माल भरायचा आणि न्हावा शेवाला पोर्टात नेऊन सोडायचा. हे बंदर 1989 साली सुरू झालं आणि कंटेनरचा बहुतेक धंदा मुंबईच्या जुन्या गोदीतून खाडीपलीकडे गेला. त्याच्या मागोमाग आम्ही ड्रायव्हर गेलो. घर मानखुर्दला आणि आयुष्य कळंबोली, उरण, भिवंडीच्या रस्त्यांवर, असं आमच्यापैकी पुष्कळांचं आहे.

गोडाऊनचा फोन येतो, सकाळी नऊला गाडी लावा. त्यासाठी पहाटेच रस्त्याला लागायचं. गेटवर रजिस्टरमध्ये नाव लिहायचं, लायसन्स, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी दाखवायचं. डॉकला, म्हणजे माल भरायच्या फलाटाला, गाडी मागे घ्यायची, चाकाखाली लाकडी गुटका घालायचा आणि चावी गेटवर जमा करायची. माल भरताना गाडी हलू नये म्हणून हा नियम आहे आणि तो बरोबरच आहे. फोर्कलिफ्ट आत-बाहेर करत असताना ट्रेलर दोन वीत जरी पुढे सरकला तरी माणूस मरतो. पण चावी गेली की केबिनमधला पंखाही गेला. मे महिन्यात दुपारी त्या पत्र्याच्या खोक्यात झोप लागत नाही, अंगाला नुसत्या धारा लागतात. पुष्कळ ठिकाणी ड्रायव्हरने डॉकच्या आवारात थांबायचं नाही असाही नियम असतो, आणि गेटबाहेर बसायला बाक नसतो, संडास नसतो. मग कंपाउंडच्या भिंतीची सावली सरकेल तसं आपण सरकत राहायचं.

अकराला कळतं की माल अजून पॅक व्हायचाय. एकला लेबर जेवायला जातं. चार-साडेचारला दरवाजे बंद होतात, मग सील, मग इनव्हॉइस, मग ई-वे बिल, म्हणजे माल रस्त्याने नेण्यासाठी जीएसटीच्या पोर्टलवर काढायचा कागद. गाडी सुटते तेव्हा संध्याकाळची नो एन्ट्री लागलेली असते. म्हणजे पहाटेपासून जागा असलेला माणूस रात्री नवाच्या सुमारास खऱ्या अर्थाने स्टेअरिंगवर बसतो, आणि त्याच्या कामाची सुरुवात तिथून धरली जाते. आधीच्या तासांत त्याने काय केलं असं मालकाला विचारलं तर तो म्हणेल, काही नाही, गाडी उभी होती.

वर त्या ई-वे बिलाची मुदत असते. 1 जानेवारी 2021 पासून हिशोब असा आहे की 200 किलोमीटरला एक दिवस. इथून नागपूर-रायपूरला जाणाऱ्या गाडीला त्याने फारसा त्रास होत नाही, पाच-सहा दिवस हातात येतात. भिवंडीहून न्हावा शेवाला जाणाऱ्या गाडीचं अंतर 200 च्या कितीतरी आत, म्हणून तिला एकच दिवस मिळतो. कागदावर तो भरपूर आहे. पोर्टाची लाइन लागली की तोच अपुरा पडतो. मुदत संपायच्या आधी आठ तास ते संपल्यानंतर आठ तास एवढ्यात ती वाढवून घेता येते, पण त्यासाठी ऑफिसात कोणीतरी फोन उचलावा लागतो. रात्री अडीचला कोण उचलणार? विनाबिल गाडी पकडली गेली तर दंड मालाच्या मालकाला बसेल, हे खरं, पण रस्त्याच्या कडेला दोन-तीन दिवस गाडीपाशी बसून राहणारा ड्रायव्हरच असतो.

आणि पोर्टाची लाइन. हे जरा सविस्तर सांगतो, कारण झोप सगळ्यात जास्त इथे मोडते. प्रत्येक जहाजाचा कट-ऑफ ठरलेला असतो, त्या वेळेच्या आत कंटेनर गेटच्या आत गेला पाहिजे. त्यामुळे एका जहाजाच्या सगळ्या गाड्या शेवटच्या काही तासांत एकदम येतात. एखाद्याचा फॉर्म 13, म्हणजे कंटेनर पोर्टात आत न्यायचा कागद, आलेला नसतो, कुणाचा सील नंबर कागदाशी जुळत नाही, कधी गेटची सिस्टीम बसते. लाइन गाडीभर पुढे सरकते आणि थांबते. पंधरा मिनिटं, कधी तासभर. पुन्हा गाडीभर. डोळा लागला आणि पुढची गाडी सरकली की मागून हॉर्न सुरू होतात, आणि तेवढ्या फटीत बाजूचा नाक घालतो. म्हणून स्टेअरिंगवर हात टेकून त्यावर कपाळ ठेवायचं, हँडब्रेक ओढलेला, काच चार बोटं खाली, आणि पुढच्या गाडीच्या ब्रेकची हवा सुटल्याचा फुस्स आवाज आला की उठायचं. त्या आवाजाला मी गाढ झोपेतूनही उठतो. घरी सुट्टीला असलो आणि गल्लीत कचऱ्याची गाडी आली तरी हात हँडब्रेककडे जातो.

लाइन सोडून कुठे बाजूला गाडी लावली तर तिथे दुसरी काळजी. डिझेल चोरणारे टाकीत पाइप घालून पाच मिनिटांत मोकळे होतात. बॅटरी नेतात, ताडपत्री कापतात. टाकीला कुलूप असतं, तरी कान तिकडेच. आधी क्लीनर असायचा, एक झोपला की दुसरा जागा राहायचा. आता क्लीनर ठेवणं मालकाला परवडत नाही. नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असावेत असा नियम होता, तोही 2018 मध्ये काढून टाकला. तो पाळला किती जायचा हा प्रश्न होताच, पण निदान मागायला एक आधार होता. आता लांबच्या गाडीवरही एकटाच माणूस असतो, आणि त्याच्या डुलकीचा साक्षीदार कोणी नसतो.

झोप येते तेव्हा काय करता, हेही लोक विचारतात. चहा, चेहऱ्यावर पाणी, तंबाखू, मोठ्याने गाणी, सगळं करून झालेलं आहे. यातलं काही झोप घालवत नाही, थोडा वेळ पुढे ढकलतं. पहाटे दोन ते पाच ही वेळ सगळ्यात वाईट. मी स्वतःसाठी एक खूण ठरवली आहे: मागचा टोलनाका कधी गेला ते आठवेना, म्हणजे डोळे उघडे ठेवून मी झोपलो होतो. मग गाडी बाजूला घ्यायचीच, माल कोणाचाही असो. पण घ्यायची कुठे? एक्स्प्रेस-वेच्या कडेला उभी केली तर दंड होतो, आणि अंधारात उभ्या ट्रेलरवर मागून मोटार आदळण्याचे अपघात तुम्ही पेपरात वाचताच. फूड मॉलला जड गाड्यांची जागा रात्री भरलेली असते. पंपावाला डिझेल भरलं तर उभं राहू देतो, नाहीतर शिट्टी मारतो. झोप आलेल्या ड्रायव्हरला थांबा म्हणून सांगणारे बोर्ड जागोजागी आहेत, तेवढ्या संख्येने थांबायच्या जागा मात्र नाहीत. वीस मिनिटं झोपलं तरी पुढचे दोन तास माणूस शुद्धीवर राहतो. तेवढी वीस मिनिटं मिळावीत म्हणून मी कधी कधी तीस-चाळीस किलोमीटर जागा शोधत गेलो आहे.

कायदा नाही का, असं शिकलेली माणसं विचारतात. आहे. मी तो युनियनच्या कचेरीत बसून वाचला आहे. 1961 च्या मोटर परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला 48 तास काम आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती असं लिहिलेलं होतं. लांबच्या मार्गासाठी परवानगी घेऊन दिवसाला दहा तासांपर्यंत जाता यायचं. वाचून बरं वाटलं. मग दोन गोष्टी दिसल्या. पहिली, हा कायदा पाच किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या धंद्यालाच लागू होता. माझ्या ओळखीचे निम्म्याहून जास्त मालक दोन-तीन गाड्यांचे आहेत, ते त्यात येतच नव्हते. दुसरी गोष्ट जास्त लागली. कामाचे तास म्हणजे काय, याच्या व्याख्येत असं होतं की टर्मिनलवर नुसतं हजर राहण्याचा वेळ 15 मिनिटांपेक्षा कमी असेल तर तो कामात धरायचा. भिवंडीच्या गेटवरची सकाळ आणि पोर्टाच्या लाइनमधली रात्र 15 मिनिटांची असती तर हे सगळं मी लिहिलंच नसतं. 2020 मध्ये मंजूर झालेली नवी कामगार संहिता नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झाली आणि हा कायदा तिच्यात विलीन झाला. संहिता कितीही नवी असली तरी गेटवरच्या तासांना कोणी हात घातल्याचं मला अजून गेटवर दिसलेलं नाही.

मला राहून राहून माथाडींचं आठवतं. ज्या गोडाऊनमध्ये मी सावली शोधत बसतो तिथेच ते माल चढवत असतात. आण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली ते लढले, 1969 साली राज्यात माथाडी कायदा झाला, मंडळं झाली, मजुरी आणि प्रॉव्हिडंट फंड मंडळामार्फत मिळायला लागले. त्याआधी त्यांनाही कोणी कामगार मानत नव्हतं, मालक रोज वेगळा म्हणून. आमचंही तेच रडगाणं आहे: गाडीचा मालक एक, ट्रान्सपोर्टवाला दुसरा, माल तिसऱ्याचा, आणि थांबायला लावणारा चौथा. माथाडींनी पन्नास-साठ वर्षांपूर्वी ही गाठ याच मुंबईत सोडवून दाखवली. म्हणून मला हे अशक्य वाटत नाही.

जानेवारी 2024 मध्ये संप झाला तेव्हा तुम्ही पेट्रोल पंपावर रांगा लावल्या होत्या, आठवत असेल. नव्या न्याय संहितेत अपघातात माणूस दगावल्यावर न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा घातली होती, त्यावरून तो संप होता. मग ते कलम तेवढं अंमलात आणायचं थांबवलं. देशभर चर्चा झाली ती अपघातानंतर ड्रायव्हरने काय करावं याची. अपघाताच्या आधी तो किती तास जागा होता, हे विचारलेलं मी ऐकलं नाही. 2025 पासून नव्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली, ते चांगलं झालं, मनापासून सांगतो. पण चावी गेटवर आणि एसी केबिनमध्ये, याचा काय उपयोग?

हे विचारणाऱ्यांत बरेच जण कंपन्यांत, गोडाऊनमध्ये, डिस्पॅचला काम करणारे असतात. त्यांना माझी विनंती आहे. गाडी नऊला बोलावलीत आणि माल चारला तयार होणार असेल तर तिला तीनला बोलवा, एक फोन पुरतो. गेटजवळ एक पंखा असलेली खोली आणि ड्रायव्हरसाठी संडास ठेवा. आणि एलआरच्या, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीच्या, कॉपीवर गाडी गेटवर आल्याची वेळ आणि सुटल्याची वेळ दोन्ही लिहून खाली सही-शिक्का द्या. हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे, पैसे ट्रान्सपोर्टवाला मागतो तेव्हा कंपनी म्हणते पुरावा दाखवा, आणि ड्रायव्हर भत्ता मागतो तेव्हा मालक म्हणतो कंपनीने दिलेच नाहीत. वेळ आणि सही असलेला कागद हातात असला की दोघांपुढे ठेवता येतो. थांबण्याचे पैसे मोजावे लागले की गाड्या वेळेवर सुटतात, हे मी दोन ठिकाणी पाहिलंय. तिथून निघालेला ड्रायव्हर दुपारी कळंबोलीत गाडी लावून चार तास झोपतो आणि मग रात्री पोर्टाकडे निघतो.