मांडू-महेश्वर-जाम गेट: आम्ही उलटे फिरलो, तुम्ही सुलटे फिरा

इंदूरची माणसं धारपलीकडच्या मांडूच्या किल्ल्यावर एका दिवसात जाऊन येतात, आम्हीही वर्षानुवर्षं तेच केलं. सकाळी निघायचं, जहाज महालावर फोटो, दाल-पानिये खायचे आणि अंधाराच्या आत लोकमान्य नगरात परत. यंदा गणपती उठल्यावरच्या वीकेंडला ठरवलं की रात्री तिथेच राहायचं, आणि परत येताना धारवरून न येता खाली महेश्वरला उतरून जाम घाटाने घरी यायचं. सासूबाई म्हणाल्या, पितृपक्षात कुठे फिरायला निघालात? मग नवऱ्याने हळूच महेश्वरच्या घाटाचं नाव काढलं, आणि नर्मदास्नान म्हटल्यावर सर्वात आधी बॅग त्यांचीच भरून झाली.

सव्वासहाला निघायचं ठरलेलं, निघालो पावणेआठला. पोह्यांशिवाय आमच्याकडे कोणी उंबरठा ओलांडत नाही, त्याला इलाज नाही. धारपर्यंत साठ-पासष्ट किमी, बेटमा आणि घाटाबिल्लोदवरून सरळ फोरलेन, लिहिण्यासारखं काही नाही. घाटाबिल्लोदला चंबळ ओलांडावी लागते, इथे ती इतकी साधी दिसते की पुढे जाऊन एवढी मोठी होते हे लेकीला पटेना. पेट्रोल धारलाच भरून घ्या आणि थोडी कॅशही काढून ठेवा, पुढे नालछानंतर भरवसा नाही.

नालछा सुटलं की रस्ता बदलतो. दोन्ही बाजूंना खोल दऱ्या, काकडा खोहपाशी गाडी थांबवावीच लागते, आणि मग किल्ल्याचे जुने दरवाजे लागतात ज्यांतून एका वेळी एकच गाडी जाते. समोरून बस आली तर मुकाट्याने रिव्हर्स घ्या, हॉर्नवर हात ठेवून काही होत नाही.

आता मांडूबद्दल माझं स्पष्ट मत. सगळं बघायला जाऊ नका. एएसआयच्या, म्हणजे पुरातत्त्व खात्याच्या, तिकिटाचे तीन वेगवेगळे गट आहेत, जहाज महालाकडचा, गावातला होशंगशाहचा मकबरा वगैरे, आणि लांबचा रूपमती मंडप, तिन्हींचं तिकीट वेगळं. तिन्ही एका दिवसात उरकायचे म्हटले की रूपमतीला पोचेपर्यंत पाय बोलायला लागतात. आम्ही शनिवारी फक्त जहाज महाल केला आणि तिथेच चार तास बसलो. एका बाजूला मुंज तलाव, दुसऱ्या बाजूला कपूर तलाव, आणि पावसाळ्याच्या शेवटी दोन्ही भरलेले, तेव्हाच या महालाला जहाज का म्हणतात ते कळतं. मे महिन्यात कळत नाही, मी मे महिन्यातही गेलेय.

डोंगराच्या माथ्यावरचं गाव, नदी नाही, म्हणजे सगळा खेळ पावसाच्या पाण्याचा. गियासुद्दीन खिलजीच्या काळात, म्हणजे 1469 ते 1500 मधे केव्हातरी हा महाल झाला, आणि गच्चीवरचं पाणी हौदात सोडायच्या आधी जिलेबीसारख्या गोल गोल पन्हळीतून फिरवलंय, म्हणजे पाण्याचा वेग कमी होतो आणि गाळ मागे राहतो. लेक त्या पन्हळीत बोट फिरवत अर्धा तास रमली. आमच्या सोसायटीच्या टाकीचं झाकण तीन महिन्यांपासून बसलं नाहीये, असो.

मुक्काम एमपी टुरिझमच्या मालवा रिसॉर्टला होता, सागर तलावाच्या अगदी काठावर. वीकेंडची बुकिंग आधी करून ठेवा. सकाळी सहाला मी एकटीच चहा घेऊन तलावावर गेले, पाण्यावर धुकं, पलीकडच्या काठावर कोणीतरी म्हशी धूत होतं, बाकी काही नाही. हे सोडून आम्ही इतकी वर्षं संध्याकाळी परत का पळायचो कोण जाणे.

रविवारी लवकर आवरून रूपमती मंडप. निमाडचं खोरं इथून जवळजवळ 365 मीटर खाली आहे, हवा स्वच्छ असेल तर नर्मदा चांदीच्या रेघेसारखी दिसते. आम्हाला पहिली वीस मिनिटं फक्त पांढरं दिसलं. अर्धी मंडळी कंटाळून उतरली आणि मग ढग हलला, सासूबाईंनी तिथूनच हात जोडले. तेव्हा धुकं असलं तर लगेच पाठ फिरवू नका, थोडी कळ काढा. खाली खुरासानी चिंचा विकायला असतात, म्हणजे त्या जाडजूड बाओबाबच्या झाडांची फळं. आतला पांढरा गर आंबट-कोरडा लागतो, बहुतेकांना आवडत नाही, मला आवडतो.

दाल-पानिये मात्र आधी सांगून ठेवावे लागतात. मक्याच्या पिठाचे गोळे पळसाच्या पानांत ठेवून गोवऱ्यांवर भाजतात, पाऊण-एक तास सहज जातो. रूपमतीला जाताना ऑर्डर द्या आणि येताना खा.

मांडूहून धामनोदवरून महेश्वर चाळीस-पन्नास किमी. घाट उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमधे ठेवा, सारखा ब्रेक दाबून धरू नका, आमचे शेवटी वास मारायला लागले होते आणि वीस मिनिटं थांबावं लागलं. खाली उतरलं की काचेबाहेरची हवाच बदलते, मालव्याचा गारवा संपतो आणि निमाडचा उकाडा सुरू होतो. त्यामुळे दुपारी एकला महेश्वर म्हणजे घाटाच्या पायऱ्यांवर अनवाणी चालवत नाही. पितृपक्षामुळे तर्पणाची गर्दीही होती. सासूबाईंचं स्नान झालं, नवऱ्याने तर्पण केलं, मग अहिल्याबाईंच्या वाड्यात त्यांची गादी बघितली, इतकी साधी की जरा वेळ कोणीच बोललं नाही. पाणी वाढलेलं म्हणून नावा बंद होत्या, नदीच्या मधोमध असलेलं बाणेश्वराचं देऊळ काठावरूनच बघितलं. साड्यांच्या दुकानात काय झालं आणि किती झालं ते इथे लिहीत नाही.

आणि मग चूक. मंडलेश्वरवरून जाम घाट चढायला लागलो तेव्हा साडेचार वाजले होते. रस्ता सुंदरच आहे, वळणावळणाचा, दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर, आणि माथ्यावर 1791 मधे अहिल्याबाईंनी बांधलेला तो दगडी दरवाजा, एका अंगाला मालवा, दुसऱ्या अंगाला खाली पसरलेलं निमाड. पण रविवारी संध्याकाळी निम्मं इंदूर तिथे भुट्टा आणि मॅगी खायला आलेलं असतं आणि गाड्या रस्त्यावरच लावतं. शेवटचं वळण आणि दरवाजा यात आमचा सव्वा तास गेला, क्लच धरून, चढावर, त्यात धुकं उतरलं. समोरचे सगळे चारही इंडिकेटर लावून चालवतात, त्यामुळे कोण वळतंय तेच कळत नाही. साधा लो बीम आणि फॉग लाइट असेल तर तो, एवढं पुरतं.

म्हणून हाच चक्कर उलटा करा, एकूण सव्वादोनशे-अडीचशे किमीच आहे. शनिवारी पहाटे साडेपाचला निघून महूवरून सातपर्यंत जाम गेट, तेव्हा तिथे माकडं आणि एखादा चहावाला. उन्हं तापायच्या आत महेश्वरचा घाट, दुपारी वाडा आणि साड्या, चारला निघून उजेडात मांडू. रविवार पूर्ण मांडूला, आणि संध्याकाळी धारच्या फोरलेनने घरी. पोह्यांचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा, आम्ही पुढच्या वेळी डब्यात नेणार आहोत, सासूबाईंशी बोलणं झालंय.